कोल्हापुरी जिभेने भारतीय वाईन चाखताना

कोल्हापुरातल्या अनेकांची वाईनशी पहिली गाठ गोव्याच्या सहलीत पडते. आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट उतरून गेलेली मंडळी तिथल्या दुकानातून ‘पोर्ट वाईन’ असे लिहिलेली स्वस्त, गोड, गडद लाल बाटली घेतात, पेल्यात बर्फाचे खडे टाकून ती पितात आणि वाईन म्हणजे खोकल्याच्या औषधाची थोरली बहीण, असा निकाल देऊन विषय तिथेच मिटवतात. त्या बाटलीपुरता हा निकाल चुकीचा नसतो. मूळचे पोर्ट हे पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यातले. तिथे द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षापासून काढलेला कडक मद्यार्क घालून आंबणे थांबवतात, त्यामुळे रसातली काही साखर तशीच राहते आणि मद्यार्काचे प्रमाण १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे त्या नावाने मिळणाऱ्या स्वस्त बाटल्यांचा त्या रीतीशी फारसा संबंध नसतो. त्यांच्यावरून भारतीय वाईनची परीक्षा करणे म्हणजे परगावच्या हॉटेलात लाल रंग घालून ‘कोल्हापुरी’ नावाने वाढलेल्या भाजीवरून तांबड्या रश्श्याची परीक्षा करणे होय.

वाईन समजायला वेगळी, परदेशी वळणाची जीभ लागते, हा दुसरा गैरसमज. माझा अनुभव याच्या उलट आहे. बाजार समितीत गुळाच्या सौद्याच्या वेळी व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, तुकडा फोडतो, त्याचा रंग पाहतो, वास घेतो, जिभेवर ठेवतो आणि हा गूळ कसा उतरला आहे ते क्षणात सांगतो. वाईन चाखण्यात याहून अधिक काही करायचे नसते. आपल्या भाषेत चवींचे सहा रस पूर्वीपासून नावांसह आहेत आणि त्यांतला तुरट हा रस, जो ओळखायला परदेशातल्या नवख्या माणसाला बराच वेळ लागतो, तो आपण लहानपणी जांभळे खाताना शिकलेलो असतो. त्यामुळे या लेखात मी लेबलावरचे उसने शब्द शक्यतो बाजूला ठेवून, कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात सापडणाऱ्या शब्दांनी आणि वस्तूंनी काम भागवणार आहे. महाराष्ट्रात वाईन विकत घेण्यासाठी आणि पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, हे आधीच सांगून ठेवतो.

बाटली उघडण्याआधी चार पेले

पहिली बाटली विकत घेण्याच्या आदल्या दिवशी घरी एक सोपा प्रयोग करावा. एका पेल्यात साखर न घातलेले लिंबूपाणी घ्यावे, दुसऱ्यात चहाची पूड दहा मिनिटे उकळून काढलेला बिनदुधाचा, बिनसाखरेचा कोरा चहा गार करून घ्यावा आणि तिसऱ्यात गुळाचे पाणी घ्यावे. लिंबूपाण्याचा घोट घेतल्यावर जबड्याच्या दोन्ही बाजूंनी लाळ सुटते. वाईनमधला आंबटपणा याच खुणेने ओळखायचा असतो, आणि लाळ जितका वेळ सुटत राहील तितका तो आंबटपणा जास्त. कोऱ्या चहाने नेमके उलटे होते. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, जीभ खरखरीत होते. हा तुरटपणा टॅनिन या द्रव्यांचा असतो आणि ती द्रव्ये चहात जशी असतात तशीच द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठांत असतात. गुळाच्या पाण्याने गोडवा कळतो, हे सांगायला नको. परंतु त्यात थोडे लिंबू पिळून पुन्हा चाखावे. गोडवा कमी झाल्यासारखा वाटतो, आंबटही तितके झोंबत नाही, प्रत्यक्षात मात्र पेल्यातले गुळाचे प्रमाण तेच असते. वाईनच्या बाबतीत जाणकार ‘तोल’ हा शब्द वापरतात, तो यापेक्षा निराळा नाही.

चौथा पेला दुधाचा. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर पिळून मिळणारे म्हशीचे निरसे दूध आणि पिशवीतले पातळ गाईचे दूध यांची चव बाजूला ठेवली, तरी तोंडात त्यांचे वजन वेगळे लागते. वाईनचेही असे वजन असते. काही वाईन पाण्यासारखी सरकन उतरते, काही जिभेवर रेंगाळते. आंबट, तुरट, गोड आणि वजन या चार गोष्टी ज्याला वेगवेगळ्या सांगता आल्या, त्याला कोणत्याही बाटलीविषयी बोलता येते. पाचवी गोष्ट म्हणजे घोट गिळल्यावर घशाशी जाणवणारी ऊब, ती मद्यार्काची.

बाटलीत काय असते

वाईन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचा मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड होतो. सगळी साखर संपली की वाईन ‘ड्राय’ होते, म्हणजे तिच्यात गोडवा उरत नाही. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे दाबून रस आधी वेगळा काढतात आणि मग आंबवतात; लाल वाईनसाठी काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवतात, त्यामुळे सालींतला रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात. काळ्या द्राक्षांच्या साली काही तासांतच काढून घेतल्या की गुलाबी रंगाची रोझे तयार होते. बुडबुड्यांच्या चांगल्या वाईनमध्ये आंबण्याची दुसरी फेरी बंद बाटलीतच होते आणि निर्माण झालेला वायू आतच कोंडून राहतो.

ही द्राक्षे आपल्या तासगावच्या द्राक्षांपेक्षा वेगळी असतात. सांगली जिल्ह्यात बेदाण्यासाठी आणि खाण्यासाठी होणारी थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश ही द्राक्षे बिनबियांची, पातळ सालीची आणि गराने भरलेली असतात. वाईनची द्राक्षे लहान, जाड सालीची, बियांची आणि पिकल्यावर फार गोड असतात. खायला बसले तर तोंडात साल आणि बियाच जास्त येतात. परंतु चवीचा आणि वासाचा बराचसा ऐवज त्या सालीतच असतो.

आपल्या बागांची आणखी एक गंमत आहे. युरोपात थंडीत वेल झोपतो आणि सप्टेंबरच्या आसपास द्राक्षे तोडली जातात. महाराष्ट्रात वेल झोपतच नाही, म्हणून बागायतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतो: उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. दुसऱ्या छाटणीनंतर येणारे घड थंडीत पिकतात आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडले जातात. नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या थंडीतल्या गार रात्रींमुळे द्राक्षांतला आंबटपणा टिकून राहतो. बाटलीवर जे वर्ष छापलेले असते ते द्राक्षे तोडण्याचे वर्ष असते, आणि आपल्याकडे तोडणी वर्षाच्या सुरुवातीलाच होत असल्यामुळे त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ताजी पांढरी वाईन दुकानात दिसू शकते.

हा उद्योग फार जुना नाही. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला बुडबुड्यांची वाईन करायला सुरुवात केली. कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या परिसरात आपला उद्योग उभारला आणि पुढे फ्रान्समधल्या बोर्दोचे नामवंत वाईन सल्लागार मिशेल रोलाँ यांची मदत घेतली. राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाजवळ १९९७ मध्ये वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये त्यांच्या सुला या कंपनीची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आखले आणि दोन वाईन पार्क उभारले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि दुसरे आपल्या शेजारी, सांगली जिल्ह्यात पलूसला. पलूसचे पार्क नाशिकसारखे बहरले असते, तर आज हा लेख लिहिण्याची गरजच उरली नसती. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला २००७ मध्ये इटलीतले सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून फ्रातेली ही कंपनी काढली. फ्रातेली या इटालियन शब्दाचा अर्थच भाऊ असा आहे.

दुकानात

‘वाईन शॉप’ अशी पाटी लावलेल्या दुकानात सगळ्यांत कमी जागा वाईनलाच दिलेली असते, हे आपल्या शहरातले जुने कोडे आहे. वाईन बहुधा वरच्या फळीवर, दिव्याखाली किंवा दर्शनी काचेमागे सजावटीसारखी मांडून ठेवलेली असते. वाईनला ऊन, उष्णता आणि प्रखर प्रकाश सोसत नाही. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मी एका दुकानातून अशीच काचेमागची लाल वाईन मोठ्या हौसेने आणली. उघडल्यावर तिला शिजलेल्या मनुकांचा वास येत होता आणि चव मिठाईच्या पाकासारखी सपाट लागत होती. दोष द्राक्षांचा नव्हता आणि ती करणाऱ्याचाही नव्हता. तेव्हापासून मी दर्शनी भागातली बाटली घेत नाही. आतल्या खोक्यातली किंवा फ्रिजमधली मागून घेतो. बुचाची बाटली असेल तर बूच वर उचकटलेले नाही ना आणि गळ्याशी ओघळ सुकलेला नाही ना, हेही पाहावे. फिरकीच्या झाकणाची बाटली हलक्या प्रतीची असते, असे मानू नये. आपल्याकडच्या अनेक चांगल्या वाईनना तसेच झाकण असते आणि आपल्या हवेत ते बुचापेक्षा सोयीचे पडते.

लेबलावर चार गोष्टी वाचाव्यात: द्राक्षाचे नाव, प्रदेश, वर्ष आणि मद्यार्काचे प्रमाण. बाकीचा मजकूर करमणुकीसाठी आहे. ‘रिझर्व्ह’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक वायनरी, म्हणजे वाईनचा कारखाना, आपापल्या परीने लावते, त्यामुळे केवळ त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत. साध्या पांढऱ्या आणि गुलाबी वाईनच्या बाबतीत जितके अलीकडचे वर्ष तितके बरे. जुनी तितकी चांगली हा नियम मोजक्या लाल आणि महागड्या वाईनपुरताच खरा आहे. बुडबुड्यांच्या बाटलीवर ‘ब्रूट’ लिहिलेले असेल तर ती गोड नसते.

पहिली बाटली कोणती, असे मला कोणी विचारले तर मी नाशिकची शेनिन ब्लां ही पांढरी वाईन सांगतो. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातले, परंतु नाशिकच्या मातीत ते चांगले रुळले आहे. त्याची वाईन पिकलेल्या पेरूची आणि अननसाची आठवण करून देते आणि सुलासारख्या काही वायनऱ्या तिच्यात थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात, त्यामुळे नवख्या माणसाला ती परकी वाटत नाही. दुसरी सोव्हिन्यों ब्लां घ्यावी. हीही पांढरीच, पण ड्राय आणि चांगलीच आंबट असते. तिच्या वासात कैरी, आवळा आणि ताजी चिरलेली ढोबळी मिरची सापडते. ढोबळी मिरचीचा भास कल्पनेतला नसतो, कारण त्या भाजीला वास देणारीच संयुगे या द्राक्षातही असतात. तिसरी शिराझ, ही लाल. चांगल्या शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास येतो, आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की मिरीत आणि या द्राक्षात रोटंडोन हे एकच संयुग त्या वासाला कारण आहे. ज्या घरात पांढऱ्या रश्श्यासाठी मिरी भरडली जाते, तिथल्या नाकाला ही ओळख पटायला वेळ लागू नये. त्यानंतर अकलूजची सांजोव्हेजे ही लाल वाईन घ्यावी. हे इटलीतल्या तोस्काना प्रांताचे द्राक्ष, तुरट आणि आंबट दोन्ही. नंदी हिल्सची ‘ला रिझर्व्ह’ ही काबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ यांच्या मिश्रणाची लाल वाईन मी या चौघींच्या नंतर ठेवतो, कारण तिचे वजन आणि तुरटपणा कळायला जीभ थोडी सरावलेली बरी. काही वाईन ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत मिळतात. शिकण्याच्या काळात एका मोठ्या बाटलीऐवजी दोन वेगवेगळ्या अर्ध्या बाटल्या घेणे केव्हाही शहाणपणाचे.

गार किती करावी

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, असे जिथे तिथे लिहिलेले असते. ती खोली युरोपातली आहे. तिथल्या जुन्या घरांत खोलीचे तापमान १६ ते १८ अंश असायचे. राजारामपुरीतल्या स्लॅबखालच्या खोलीत एप्रिलच्या संध्याकाळी ते त्याच्या दुपटीच्या घरात जाते. इतक्या उबेत लाल वाईनचा मद्यार्कच नाकात शिरतो आणि बाकी सगळे झाकले जाते. म्हणून आपल्याकडे लाल वाईनही पिण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी आणि गुलाबी ८ ते १२ अंशांवर चांगली लागते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली बाटली दहा मिनिटे आधी बाहेर काढली की पुरे, कारण फार गार वाईनला वासच येत नाही. बुडबुड्यांची मात्र पूर्ण गार हवी आणि उघडताना बूच न फिरवता बाटली सावकाश फिरवावी. घाईची वेळ असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली त्यात बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा ती लवकर गार होते. पेल्यात बर्फ घालू नये, असा माझा आग्रह आहे. परंतु वैशाखात कोणी घातलाच तर त्याच्याशी भांडूही नये.

पेला

देठाचा, वर किंचित निमुळता होत जाणारा काचेचा पेला उत्तम. तो नसेल तर साधा काचेचा ग्लास चालतो. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही. पेला एक तृतीयांशच भरावा, म्हणजे तो गोल फिरवता येतो आणि वासाला जागा राहते. आधी न फिरवता हुंगावे, मग फिरवून हुंगावे. दोन्ही वासांत फरक पडतो. त्यानंतर छोटा घोट घेऊन तो गिळण्याआधी चूळ भरल्यासारखा तोंडात सगळीकडे फिरवावा आणि आदल्या दिवशीचे चार पेले आठवावेत. लाळ किती सुटली, हिरड्या किती कोरड्या झाल्या, गोडवा आहे का, वजन किती आहे आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकली, एवढेच स्वतःला विचारावे. वासाला नाव देताना ‘ब्लॅकबेरी’ आठवण्याचा प्रयत्न करू नये, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ती खाल्लेलीच नसते. जांभूळ, करवंद, आमसूल, पिकला पेरू, ओल्या मातीचा वास, गुऱ्हाळाजवळून जाताना येणारा काकवीचा वास हे शब्द आपल्याला खरे वाटतात आणि पुढच्या वेळी आठवतातही. मी अशा नोंदींची एक वही ठेवली आहे. तिच्यात अकलूजच्या एका लाल वाईनसमोर ‘आमसूल, नवे कातडे’ इतकेच लिहिलेले आहे आणि ती वाईन मला अजून जशीच्या तशी आठवते. नवे कातडे म्हणजे कसला वास, हे ज्याने नव्या कोल्हापुरी चपला पिशवीतून काढल्या आहेत त्याला समजावण्याची आवश्यकता नाही.

बिघडलेली वाईन ओळखायलाही नाकच उपयोगी पडते. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला तर बुचातला दोष समजावा. शिरक्यासारखा झणका आला किंवा पांढरी वाईन तपकिरी दिसून तिला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला, तर तिला हवा लागली आहे.

रश्श्याबरोबर काय

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त प्रयोग केले आणि सर्वांत जास्त फसलोही. पहिल्यांदा मी मटणाच्या ताटाबरोबर, मांसाला लाल वाईन हा पाठ केलेला नियम धरून, चांगली भक्कम काबर्ने सोव्हिन्यों उघडली. तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावून त्यावर वाईनचा घोट घेतला आणि तोंडात आगीचा डोंब उसळला. याचे कारण नंतर समजले. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो, त्यामुळे जाळ वाढतो. त्यात तुरटपणाने तोंड कोरडे पडले की तिखट अधिकच बोचते. याउलट गारवा आणि थोडासा गोडवा तिखटाला शांत करतात. तेव्हा कांदा-लसूण मसाल्याच्या जेवणासाठी साधा हिशेब असा, की मद्यार्क कमी, तुरटपणा नाममात्र, थोडा गोडवा आणि बाटली चांगली गार.

त्यामुळे तांबड्या रश्श्याबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लां किंवा गार रोझे ठेवावी. रश्श्याचा भुरका आणि वाईनचा घोट यांच्या मध्ये भाकरीचा एक घास घ्यावा. भाकरी जीभ पुसून देते. पांढऱ्या रश्श्याची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते भारतीय वाईनला कोल्हापुरात याहून चांगला सोबती नाही. मटणाचा अर्क, नारळाचे दूध, काजू, खसखस आणि मिरी यांचा तो मऊ, जड गुळगुळीतपणा सोव्हिन्यों ब्लांच्या आंबटपणाने कापला जातो आणि प्रत्येक घोटानंतर रश्श्याची पुढची वाटी पहिल्यासारखी लागते. व्हियोनिये नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन मिळाली तर तीही करून पाहावी; तिचा फुलांचा वास नारळाशी जमतो.

सुके मटण हे शिराझचे घर आहे, परंतु एका अटीवर: स्वयंपाक करणाऱ्याने त्या दिवशी मिरची अर्ध्यावर आणायला हवी. ही अट आमच्या घरात एकदाच मान्य झाली. भाजलेले खोबरे, लवंग, दालचिनी आणि मिरी यांचा काळसर सुगंध शिराझच्या वासात असा मिसळतो की कुठला वास कुठून येतो ते सांगता येत नाही, आणि मटणातली चरबी वाईनचा तुरटपणा गिळून टाकते. लोणच्यासारखे मुरवलेले मटण किंवा लवंगी मिरचीचा ठेचा पानात असेल तर मात्र शिराझ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी.

कांदाभजी, बटाटेवडा आणि रत्नागिरीहून आलेल्या सुरमईचे तळलेले तुकडे यांच्याबरोबर बुडबुड्यांची ब्रूट फार छान लागते, कारण बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातला तेलकटपणा धुऊन नेतात. अख्खा मसूर आणि भाकरी यांच्याशी सांजोव्हेजे जुळते. मसुराचा मातकट स्वाद आणि फोडणीतला टोमॅटो दोन्ही तिला मानवतात. भडंगाबरोबर काहीही चालते. मिसळीबरोबर मात्र कोणतीही वाईन घेऊ नये. सकाळी मिसळ आणि त्यावर चहा, ही व्यवस्था बदलण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही. पुरणपोळीशीही तसेच आहे. जेवणातल्या गोड पदार्थापेक्षा वाईन गोड असावी, नाहीतर ती आंबट आणि किरकोळ भासते, आणि तूप-दुधात बुडवलेल्या पुरणपोळीपेक्षा गोड वाईन शोधण्यात अर्थ नाही.

किती प्यावी

वाईन म्हणजे द्राक्षाचा रसच, असे समजून पाहुण्यांना पेला काठोकाठ भरून देणारे यजमान मी पाहिले आहेत. हिशेब एकदा नीट करून ठेवावा. १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात, वाईन साडेबारा टक्क्यांची असेल तर सुमारे १९ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये तो सुमारे २६ मिलिलिटर असतो. ७५० मिलिलिटरची अख्खी बाटली म्हणजे असे जवळजवळ चार मोठे पेग होतात, आणि गोडसर चवीमुळे ते पोटात कधी गेले हे कळत नाही. तब्येतीसाठी थोडी वाईन बरी, हे वाक्यही आता सोडून द्यावे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वाईन चवीसाठी प्यावी, जेवणाबरोबर प्यावी, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि त्या रात्री गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी.

शिकायचे असेल तर चार-पाच मित्रांनी वर्गणी काढून तीन बाटल्या आणाव्यात, त्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे टाकावेत आणि प्रत्येकाने पन्नासेक मिलिलिटर चाखून आपले मत आधी वहीत लिहावे, मग बोलावे. आधी बोलले की सर्वांत मोठा आवाज ज्याचा, त्याचीच चव सगळ्यांना लागते. आमच्या एका बैठकीत सर्वांत महाग बाटली शेवटच्या क्रमांकावर आली आणि ती आणणाऱ्याने आठवडाभर कोणाचा फोन घेतला नाही. क्रम हलक्याकडून भारीकडे ठेवावा: आधी बुडबुड्यांची, मग पांढरी, मग लाल आणि गोड सर्वांत शेवटी.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवावी, लाल असली तरीही. पांढरी दोन-तीन दिवस आणि लाल तीन-चार दिवस बरी राहते. त्यापुढे ती मटण मुरवायला वापरावी. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या डोक्यावर किंवा ओट्याशेजारच्या कपाटात ठेवू नयेत. घरातली सर्वांत गार आणि अंधारी जागा, मग ती पलंगाखालची का असेना, त्यांच्यासाठी योग्य.

बागेत जाऊन

ज्याला पुढे जायचे आहे त्याने एकदा तरी तोडणीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, एखादी वायनरी पाहावी. नाशिकला पर्याय अनेक आहेत आणि तिथे राहण्याचीही चांगली सोय आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला आपल्या कोल्हापुरी गुळासारखेच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कोल्हापूरहून मात्र नाशिक पुण्यामार्गे साडेचारशे किलोमीटरच्या घरात पडते, तर अकलूज साधारण त्याच्या निम्म्यावर आहे आणि वाटेत पंढरपूर लागते, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना सहलीचे कारण सांगणेही सोपे जाते. जाण्याआधी फोन करून भेटीची वेळ ठरवावी आणि तिथे गेल्यावर थेट चाखण्याच्या टेबलाशी न बसता आधी बागेत जाऊन काळ्या द्राक्षांचा एक मणी मागून खावा, साल आणि बी चावून. साल चावताना हिरड्या जशा कोरड्या पडतात तशाच संध्याकाळी त्याच द्राक्षाच्या वाईनने पडतात. चाखताना समोर ठेवलेल्या भांड्यात घोट थुंकण्यात कोणताही अपमान नाही. तिथे काम करणारे लोक दिवसभर तेच करतात. परतीच्या प्रवासात बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून गाडीत सीटखाली ठेवाव्यात आणि जेवणासाठी थांबताना गाडी सावलीत लावावी, कारण मार्चच्या दुपारी बंद डिकीत तासभर राहिलेल्या बाटलीचे पुढे काय होते ते त्या शिजलेल्या मनुकांच्या वासाने मला शिकवले आहे.